कोल्हापूर महापालिकेनं रोजगाराच्या कामात पडावं का?

रंकाळवेस (धागाकर्ता)

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेचं मतदान झालं. नोव्हेंबर २०२० पासून चाललेला प्रशासकांचा कारभार संपून सभागृहात पुन्हा नगरसेवक बसले. निवडणूक कुठलीही असो, प्रचारपत्रकात रस्ते, पाणी, रंकाळा झाला की खाली एक ओळ ठरलेली: युवकांच्या हाताला काम. कुठल्या खात्यातून, कुणाच्या सहीनं, हे विचारलं की गाडी आयटी पार्कवर जाते आणि विषय तिथंच मिटतो.

मला त्या ओळीचा हिशेब मांडायचाय. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. त्यात २९ विषय, आणि 'तांत्रिक प्रशिक्षण व व्यावसायिक शिक्षण' हा त्यातला एक स्वतंत्र विषय. शहरांसाठी ७४ व्या दुरुस्तीनं बारावी अनुसूची आली, विषय १८. त्यात कोंडवाडा आहे, कत्तलखाना आहे, स्मशान आहे, प्रशिक्षण नाही. नागरी दारिद्र्य निर्मूलन आणि आर्थिक-सामाजिक विकासाचं नियोजन तेवढं आहे. म्हणजे कागदावर पुलाची शिरोलीच्या ग्रामपंचायतीला जो विषय मिळालाय, तो साडेपाच लाख वस्तीच्या (२०११ ची जनगणना) महापालिकेला नाही.

प्रत्यक्षात काय? आयटीआय राज्याची. पूर्वीचं सेवायोजन कार्यालय, आताचं लांबलचक नावाचं कौशल्य विकास केंद्र, तेही राज्याचं. महास्वयम पोर्टल मुंबईचं. अप्रेंटिसशिपचं पोर्टल दिल्लीचं. कर्जाला जिल्हा उद्योग केंद्र, नाहीतर महामंडळ, आणि शेवटी बँकेचा मॅनेजर. यातलं एकही महापालिकेच्या ताब्यात नाही. पण पोरगा राहतो कुठल्या गल्लीत, घरात कमावणारं कोण, हे सगळ्यात जवळून कुणाला दिसतं? घरफाळ्याच्या माणसाला, आरोग्यसेविकेला आणि नगरसेवकाला.

माझं मत: महापालिकेनं नवं प्रशिक्षण केंद्र काढायच्या भानगडीत पडू नये. चार विभागीय कार्यालयं आहेत (गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट). प्रत्येक ठिकाणी एक खिडकी आणि एक जाणता माणूस बसवावा. त्यानं फक्त जोडून द्यायचं. आणि केएमटी (महापालिकेची बस) कारखान्यांच्या शिफ्टच्या वेळेला सोडावी. लोकांना काय वाटतं?

जुना बुधवार

विषय चांगला आहे, पण अहो, धरणातून शहराला येणाऱ्या थेट पाईपलाईनचं पाणी यायला २०२३ ची दिवाळी उजाडली. आधी नळ, गटार, कचरा. ज्यांना कोंडाळं वेळेवर उचलणं जमत नाही ते पोरांना कामाला लावणार?

दुसरं, खिडकी उघडली की तिथं माणूस लागतो. तो येणार ठोक मानधनावर, आणि कुणाचा तरी भाचा असणार. रोजगार त्याचाच होईल एवढं नक्की.

उद्यमनगरी

माझं छोटं मशीनशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), जुनी लेथ. शटरवर खडूनं 'ऑपरेटर, हेल्पर पाहिजेत' लिहिलेलं असतं, ते पुसलं जातं पावसानंच. माणूस मिळत नाही ही रड उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात सगळीकडं एकच.

आता सर्टिफिकेटवाल्यांबद्दल. परवा एक पोरगा आला. कुठल्याशा खाजगी केंद्रातून सीएनसीचा शॉर्ट टर्म कोर्स केलेला, लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. मी फार काही विचारत नाही. मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात देतो आणि समोरच्या जॉबचा ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, मोजायला सांगतो. त्यानं टोकाचं रॅचेट सोडून थिंबल, म्हणजे फिरती नळीच, धरला आणि नटबोल्ट आवळावा तसा आवळला. नंतर स्लीव्हवरचं (न फिरणाऱ्या नळीवरचं) वाचलं, थिंबलवरचं वाचायचं असतं हे माहीतच नाही. म्हणजे शतांश मिलिमीटरचं काम आणि याचं वाचन अर्ध्या मिलिमीटरला थांबतंय. पोरगा वाईट नव्हता हो. त्याला स्क्रीनवर प्रोग्रॅम दाखवला होता, मशीन दाखवलंच नव्हतं. ठेवून घेतला. सहा महिन्यांत तयार होईल.

सांगायचा मुद्दा, शिकवतो आम्हीच. पूर्वीपासून असंच आहे, हेल्पर म्हणून लागायचं आणि मिस्त्री होऊन बाहेर पडायचं. पण त्या सहा महिन्यांत तो जे जॉब रिजेक्ट करतो ते माझ्या अंगावर. आणि तयार झाला की हजार रुपये जास्तीसाठी कागलला पंचतारांकित एमआयडीसीत जातो.

रंकाळवेस

@उद्यमनगरी, यासाठीच एनएपीएस (केंद्राची अप्रेंटिस प्रोत्साहन योजना) आहे ना? २०१६ पासून अप्रेंटिसच्या स्टायपेंडचा पाव हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र देतं. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक, चार ते एकोणतीसमध्ये ऐच्छिक. तुम्ही ऐच्छिकमध्ये बसता.

उद्यमनगरी

बसतो. पण पोर्टलवर नोंदणी, करार अपलोड, दर महिन्याची हजेरी, क्लेम हे कोण करणार? माझ्याकडं एचआर म्हणजे मीच, आणि मी लेथवर उभा. दीड हजारासाठी कॉम्प्युटरवाल्याला पाचशे द्यायचे आणि वर हेलपाटे. सोडून दिलं.

कक्ष अधिकारी (निवृत्त)

मंत्रालयातल्या नोकरीमुळे काही गोष्टी सांगू शकतो.

धागाकर्त्यांचा अनुसूचीचा मुद्दा बरोबर, पण एक पुरवणी हवी. अकराव्या अनुसूचीत विषय आहे म्हणजे ग्रामपंचायतीला अधिकार मिळाला असं नाही. राज्यानं कायदा करून तो विषय, माणसं आणि पैसा खाली दिला तरच. तो दिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ ग्रामपंचायतींत प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली. जागा गावाची, कोर्स ठरवणार कौशल्य विकास सोसायटी, शिकवणार नेमलेली संस्था.

उलट शहरांना मज्जाव आहे असंही नाही. १९४९ च्या महापालिका अधिनियमात कलम ६३ ची कामं बंधनकारक आणि ६६ ची ऐच्छिक. ऐच्छिकमध्ये इच्छा आणि पैसा असेल तर बरंच काही बसवता येतं.

सेवायोजन कार्यालयाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. १९५९ च्या कायद्यानं खाजगी क्षेत्रात २५ किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना रिक्त जागा कळवणं बंधनकारक होतं. फक्त कळवणं. त्या यादीतूनच माणूस घेणं कधीच बंधनकारक नव्हतं. आता हा भाग सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. त्यामुळे 'कार्ड काढलं, वीस वर्षं कॉल आला नाही' या तक्रारीचं मूळ कायद्यातच होतं.

उद्यमनगरी यांच्या अडचणीवरही उत्तर कायद्यात आहे. अनेक छोटे मालक एकत्र येऊन, किंवा मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेमार्फत, अप्रेंटिस घेऊ शकतात. पोर्टलचं काम ती संस्था करते. अशी संस्था म्हणून उद्योजकांची संघटना पुढं येऊ शकते. महापालिकेनं स्वतः ते काम अंगावर घ्यावं असं मी म्हणणार नाही.

बिंदूचौक बारक्या

सगळ्यांचं वाचालोय. आमच्यासारख्याचं पण ऐका की.

बीकॉम झालोय. सकाळी अभ्यासिका, संध्याकाळी ग्राउंड. २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण आलं, लाडका भाऊ म्हणत्यात ते. बारावीला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीला दहा. मला एका सरकारी कार्यालयात टाकलं. आधी सहा महिने, मग पाच वाढवले. काम काय, तर रजिस्टर बघून कॉम्प्युटरला एंट्री, झेरॉक्स, साहेबांचा चहा. शिकवायला कुणाला वेळच न्हाई, त्यांच्याकडं आधीच माणसं कमी, आमी म्हणजे फुकटची कुमक. संपल्यावर हातात प्रमाणपत्र, त्याच्यावर लिवलंय काय शिकलो त्ये, पण एमआयडीसीत त्याला कोण इचारत न्हाई.

आणि ते फाउंड्रीत पोरं यीना म्हणून ओरडत्यात मालक, त्यांना एकच इचारायचंय. फेटलिंगला, म्हंजे ओतकाम घासून साफ करायला, उभं राहून बघितलंय का? ग्राइंडरची धूळ, कानात आवाज, उन्हाळ्यात भट्टीशेजारी शेड. पगार सांगताना ओव्हरटाइम धरून सांगत्यात. आमच्या गल्लीतला एक गेला हुता, महिन्यात खोकला घिऊन आला. यूपी-बिहारची पोरं करत्यात कारण त्यांना घरी पैसं धाडायचं असत्यात आणि हितं खोलीत सहा जण ऱ्हात्यात. म्हणून आमी आळशी व्हय?

जुना बुधवार

बारक्या, बरोबर बोललास लेका. पण तुझी पिढी दहा-दहा वर्षं अभ्यासिकेत बसते तेही खरं. नगरसेवकांनी प्रभागात काय बांधलं बघ: ओपन जिम आणि अभ्यासिका. दोन्हीकडून नोकरी लागत नाही.

स्मिता इचल

महिलांचा विषय कुणी काढलाच नाही म्हणून लिहितेय. मी इचलकरंजीत गारमेंट युनिटमध्ये सुपरवायझर आहे. आमचं गाव २०२२ मध्ये महापालिका झालं, त्यामुळं हा धागा आमचाही.

महापालिकांच्या अर्थसंकल्पात महिला व बालकल्याणसाठी ५ टक्के ठेवावे लागतात, जिल्हा परिषदेत स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के. स्थानिक संस्थेच्या हातात रोजगारासाठी खराखुरा पैसा असेल तर तो इथं आहे. आणि तो जातो कुठं? शिवणक्लास, ब्युटी पार्लर, पिठाची गिरणी, एमएससीआयटी. वर्षानुवर्षं हेच, कुठलंही गाव घ्या.

शिवणक्लास केलेल्या बायका माझ्याकडं येतात. पायमशीनवर ब्लाउज शिवायला शिकलेल्या असतात. जुकीवर (कारखान्यातल्या विजेच्या वेगवान मशीनवर) बसवलं की पहिल्या दिवशी पॅडलला नुसता पाय लागला तरी कापड सटकन पुढं पळतं, सुई मोडते, आणि बाई घाबरून पाय वरच घेते. ओव्हरलॉक (कापडाची कड शिवणारं मशीन) तर पाहिलेलंही नसतं. आमच्याकडं ब्लाउज अख्खा कुणीच शिवत नाही. एकीनं कॉलर, दुसरीनं कफ, तिसरीनं बाजू. पीसवर पैसे. दिवसाला किती कॉलर पडतात यावर पगार. पंधरा-वीस दिवस जुकीवर बसवलं असतं तर तीच बाई पहिल्या महिन्यापासून घरी बरे पैसे नेईल.

क्लास चालवणाऱ्या संस्थेला पैसे मिळतात किती बायका 'प्रशिक्षित' झाल्या त्यावर. पुढं किती जणी कामावर टिकल्या हे विचारणारं कुणी नाही. टेंडरमध्ये ती एक अट घातली तरी निम्मे क्लास आपोआप बंद होतील.

आणि अजून एक. कामावर न टिकण्याचं कारण बऱ्याचदा कौशल्य नसतंच. लहान मूल असतं. पाळणाघर नाही. सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी यायला गाडी नाही. नवरा म्हणतो, राहू दे.

रंकाळवेस

स्मिताताई, अगदी हेच. केएमटी मी म्हणूनच काढली. बस हा रोजगाराचा विषय आहे असं आपल्याकडं कुणाला वाटतच नाही. फर्स्ट शिफ्टला दाराशी पोचवणारी आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी आणणारी गाडी असेल, तर राजारामपुरीतल्या बाईला गोकुळ शिरगावची नोकरी 'जवळ' होते.

जुना बुधवार

केएमटी आधीच तोट्यात. आणि गंमत बघा, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळे कारखाने हद्दीबाहेर. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हापासून हद्द इंचभर वाढलेली नाही. हद्दवाढ म्हटलं की गावं रस्त्यावर उतरतात, आणि त्यांचंही चूक नाही, घरफाळा वाढणार आणि बदल्यात काय मिळणार? म्हणजे बस महापालिकेनं तोट्यात चालवायची आणि कारखान्याचा कर तिला नाही. कशाला चालवेल?

ओडेन्सकर

मूळचा शाहूपुरीचा, सध्या डेन्मार्कमध्ये. जुना बुधवार यांचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून इथली पद्धत सांगतो. नक्कल करा असं म्हणत नाही, तिथली परिस्थिती वेगळीच.

इथं ९८ नगरपालिका आहेत आणि जॉब सेंटर (बेरोजगारांना काम शोधून देणारं कार्यालय) चालवायचं काम २००९ ला त्यांच्याकडं आलं. बेरोजगाराच्या भत्त्याचा भार नगरपालिकेवर पडतो आणि त्यातला काही भाग सरकार तिला परत करतं. २०१६ ला जी पद्धत आणली त्यात पहिले चार आठवडे सरकार ८० टक्के परत करायचं, मग सहाव्या महिन्यापर्यंत ४०, वर्षापर्यंत ३०, आणि त्यानंतर फक्त २०. म्हणजे माणूस जितका काळ घरी, तितका नगरपालिकेच्या खिशाला चाट. त्यामुळे इथला जॉब सेंटरवाला स्वतः फोन करून उठवतो. कधीकधी नको इतका. तक्रारी पुष्कळ आहेत, निरर्थक कोर्सला पाठवतात, कागदपत्रं फार. पण नगरपालिकेला त्यात रस का आहे, हे मात्र स्पष्ट आहे.

कोल्हापुरात कुणी बेकार राहिला तर महापालिकेचा एक रुपया जात नाही आणि कामाला लागला तर एक रुपया येत नाही.

कक्ष अधिकारी (निवृत्त)

ओडेन्सकर, नेमकं बोट ठेवलंत. यावरून व्यवसाय कराची आठवण झाली. पगारपत्रकात दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाला २५०० कापले जातात तो. हा कर १९७५ च्या कायद्यानं आला तो मुळात रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. वि. स. पागे यांनी शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या विसापुरात प्रयोग केला, त्यातून ती योजना उभी राहिली. शहरातल्या पगारदारानं कर भरायचा आणि दुष्काळी गावातल्या मजुराला काम मिळायचं, अशी ती मांडणी होती. आजही हा कर राज्य गोळा करतं. तमिळनाडू आणि केरळमध्ये तो स्थानिक संस्था घेतात.

तो महापालिकेला द्या म्हटलं तर वित्त विभाग दारात उभं करणार नाही, हे मला माहीत आहे. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि गेला, आता जीएसटीच्या भरपाईवर महापालिका चालतात. पण शहरातल्या नोकऱ्यांच्या संख्येशी थेट जोडलेला दुसरा कर माझ्या तरी नजरेत नाही.

पिंपरीतला पन्हाळकर

महापालिकेला जमत नाही, असं सरसकट म्हणू नका. आमच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेची स्वतःची आयटीआय आहे मोरवाडीला. पुणे महापालिकेनं २०१६ ला औंधमध्ये लाइटहाउस सुरू केलं. इमारत पालिकेची, चालवणार संस्था. वस्तीतली पोरं आधी तिथं येतात, कोर्स नंतर ठरतो, आधी त्यांच्याशी बोलणं होतं. बारक्यासारख्याला तेच हवंय.

जुना बुधवार

पिंपरीची तिजोरी आणि आमची तिजोरी एकच आहे का राव?

पिंपरीतला पन्हाळकर

नाही. पण जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पाडव्याला रांगा लागतात त्या कुठल्या तिजोरीवर? कोल्हापूर महापालिकेचीच शाळा ती.

जुना बुधवार

हे मात्र मान्य. गप्प बसतो. (थोडा वेळ.)

बिंदूचौक बारक्या

खिडकीवर बसवायचाच कोण, तर उद्यमनगरातला रिटायर मिस्त्री बसवा. त्यो बघूनच सांगंल कोण लेथला चालंल आन कोण नुसता मोबाईल बघंल. 😄

उद्यमनगरी

हसण्यावारी नेऊ नका, हे भारी आहे. चार कार्यालयात चार मिस्त्री, दुपारपर्यंत बसायचं. मायक्रोमीटर मी देतो.

पण बारक्याच्या फेटलिंगच्या पोस्टला उत्तर द्यायचं राहिलं. बरोबर आहे त्याचं. डस्ट कलेक्टर बसवलेल्या शेडमध्ये माणूस टिकतो, नसलेल्यात टिकत नाही, हे सगळे मालक जाणून आहेत. खर्च टाळतात. यात महापालिका काय करणार, ते कारखाने निरीक्षकाचं काम. खिडकीवाल्यानं एवढं केलं तरी पुरे: जिथून पोरं आठवड्यात परत येतात त्या कारखान्याचं नाव वहीत लिहून ठेवायचं आणि पुढच्याला तिथं पाठवायचं नाही.

स्मिता इचल

आणि बायकांसाठी त्याच वहीत एक रकाना: शिफ्टची वेळ आणि बस आहे की नाही.

रंकाळवेस

याआधी केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात (एनयूएलएम) शहर उपजीविका केंद्राची कल्पना होती, प्लंबर-सुतार-घरकामवाल्यांना एका ठिकाणी शोधता यावं अशी. अभियान २०२४ ला संपलं. फेरीवाल्यांच्या पीएम स्वनिधीचं काम मात्र चालू आहे, तिथं महापालिकेचा माणूस बँकेपर्यंत पाठपुरावा करतो. म्हणजे जोडून देण्याचं काम पालिकेचा माणूस करू शकतो हे दिसलंय. मी स्वतःपुरतं ठरवलंय: आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना महिला-बालकल्याणच्या प्रशिक्षणाच्या टेंडरबद्दल लेखी पत्र देणार. स्मिताताईंची अट त्यात घालतो.

कक्ष अधिकारी (निवृत्त)

पत्राआधी माहिती अधिकारात अर्ज टाका. 'प्रशिक्षणावर किती खर्च झाला' असं मोघम विचारू नका, मोघमच उत्तर येईल. मागच्या तीन आर्थिक वर्षांची कार्यादेशांची प्रत, लाभार्थ्यांची संख्या, आणि करारात प्रशिक्षणानंतरच्या पाठपुराव्याची अट असल्यास त्या कलमाची प्रत, असं मागा. प्रती मागितल्या की टाळता येत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील.

स्मिता इचल

इचलकरंजीत असाच अर्ज मी टाकते. मसुदा इथंच द्या ना कुणीतरी, मला सरकारी भाषा जमत नाही.

कक्ष अधिकारी (निवृत्त)

रविवारी टाकतो.

बिंदूचौक बारक्या

काका, मराठीत टाका. मंत्रालयातल्या मराठीत नको. 🙏